आठ नंबरचं बटण

मी काय काम करतो हे आमच्या लोणी गावात मला कुणालाच नीट सांगता आलं नाही. सुरुवातीला म्हणायचो, कॉम्प्युटरवर काम आहे. मग लोक सातबारा काढून मागायला यायचे, पीकविम्याचा फॉर्म भरून मागायचे. एकदोघांचे मी भरूनही दिले. नंतर खरं सांगायला लागलो, की अमेरिकेतले बास्केटबॉलचे सामने बघतो आणि त्यांची नोंद करतो. त्यावर समोरचा कांद्याचा विषय काढायचा.

पण काम खरंच तेवढंच होतं. तिकडच्या एका शहराची पगारी खेळाडूंची टीम होती. त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ. सामना संपला की दहाच्या सुमारास त्याचा व्हिडिओ माझ्या मशिनवर यायचा. स्क्रीनच्या उजव्या बाजूला टीमच्या खेळाडूंची यादी असायची, प्रत्येक नंबर म्हणजे एक बटण. खाली दुसरी बटणं : बास्केट, पास, हिसकावला, चुकला, धक्का. व्हिडिओ दर दोनचार सेकंदांनी थांबवायचा, आधी खेळाडूचं बटण दाबायचं, मग त्यानं काय केलं त्याचं. एका सामन्याला अख्खा दिवस जायचा. ही सगळी नोंद पुण्यातल्या कंपनीकडं जायची आणि तिथून त्या टीमच्या ऑफिसात. कुणाला ठेवायचं, कुणाला आणायचं, कुणाला सोडायचं हे ठरवणारी माणसं तिथं बसतात, एवढं मला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं.

हा खेळ मला ओतूरच्या कॉलेजात लागला. मागच्या मैदानावर दोन बोर्ड होते, त्यातल्या एकाची रिंग वाकलेली. आम्ही सातआठ जण चांगल्या रिंगवरच दोन्ही बाजूंनी खेळायचो. बी.ए. झालो, गावी आलो, भावाबरोबर शेती करायला लागलो. वडील आधीच गेले होते, मग आई गेली. मुलांच्या शाळेसाठी भाऊ भोसरीला राहायला गेला. चार खोल्यांच्या घरात मी एकटा उरलो आणि त्यातली एकच खोली वापरायला लागलो. कॉलेजातला एक मित्र त्या कंपनीत होता, त्यानं फोन करून विचारलं. परीक्षा दिली, पास झालो. खिडकीपाशी टेबल टाकलं, इन्व्हर्टर बसवला, रस्त्यापलीकडच्या दुकानातून नेटची वायर ओढून आणली. शेत निम्म्या वाट्यानं शेजाऱ्याला दिलं. पाणी द्यायला तेवढा सकाळी जायचो.

प्रत्येक सामन्याची नोंद दोघं जण वेगवेगळी करायचे. दोन्ही नोंदी मशिन एकमेकींशी ताडून बघायचं आणि जिथं जुळत नसेल तिथं लाल खूण यायची. मग त्या खुणेखालच्या चौकटीत दोघांनी आपापलं म्हणणं लिहून एकमत करायचं. माझ्याबरोबर कायम एकच माणूस असायचा. त्याचा नंबर सत्तावन्न. कंपनीचा नियम होता की नाव, गाव, देश काही विचारायचं नाही. चौकटीत आम्ही इंग्रजीत लिहायचो. आता मराठीत लिहिताना 'तो' म्हणावं की 'ती' हा प्रश्न पडतो, पण इंग्रजीत तीन वर्षं तो पडला नाही. म्हणून मी नुसतं सत्तावन्न म्हणतो.

सुरुवातीला आमचं भांडणच असायचं. चेंडूला बोट लागलं की नाही, एवढ्यावरून चारचार ओळी. हळूहळू चौकटीत दुसरंही काही येऊ लागलं. एकदा सत्तावन्नने विचारलं, आज नोंद उशिरा आली, बरा आहेस ना? मी लिहिलं, लाईट नव्हती. उत्तर आलं, इकडंही वारंवार जाते. त्या दिवशी मी जेवताना उगाच विचार करत बसलो, की लाईट जाणारे देश किती असतील आणि त्यात बास्केटबॉल खेळणारे कोणते.

आम्हा दोघांचं ज्याच्यावर एकमत होतं तो आठ नंबर. चौतिशीचा असेल. केस मागं गेलेले, पळताना जड वाटायचा, बास्केट क्वचितच करायचा. पण तो जाऊन उभा राहायचा. आपल्या टीमच्या पोराच्या मागं समोरचा खेळाडू लागला, की आठ नंबर बरोबर त्याच्या वाटेत जाऊन उभा. समोरचा त्याच्या छातीवर आदळायचा, अर्धं पाऊल मागं राहायचा, आणि तेवढ्यात आपला पोरगा मोकळा व्हायचा. टीममध्ये एकतीस नंबरचा एक उंच, अगदी नवा खेळाडू होता. तो बचावाला उभा राहताना आधी आठ नंबरकडं बघायचा. आठ नंबर दोन बोटांनी जागा दाखवायचा, तो तिथं सरकायचा. त्याच्या हातून चूक झाली की सगळ्यात आधी त्याच्याजवळ जाणारा हाच.

यातल्या कशालाच बटण नव्हतं. वाटेत उभं राहण्याला एक होतं, पण नियम असा, की त्यातून लगेच बास्केट झाली तरच दाबायचं. मोकळ्या झालेल्या पोरानं पास दिला आणि तिसऱ्यानं बास्केट केली, तर उभं राहणाऱ्याच्या नावावर काही नाही. सामना संपला की आठ नंबरच्या रकान्यात दोन किंवा तीन नोंदी असायच्या. मी नियमानं काम करायचो. सत्तावन्नही नियमानं करायचं. फक्त चौकटीत कधीकधी एवढं लिहिलेलं असायचं : पुन्हा एकदा बघ, किती सुंदर उभा राहिलाय.

त्याच काळात वहिनीनं माझ्यासाठी जुन्नरचं एक स्थळ आणलं. माझं वय बेचाळीस. तिचं पहिलं लग्न मोडलेलं, एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. भाऊ, वहिनी आणि मी त्यांच्या घरी गेलो. पोहे झाले. तिच्या मामांनी विचारलं, "पावणं, काम काय करता तुमी?"

मी सांगितलं. मामांनी पुन्हा विचारलं. भावानं मध्येच सांगितलं की आयटीत आहे. खोलीत सगळे जरा सैल झाले. मग तिनं पहिल्यांदाच तोंड उघडलं. म्हणाली, "आमच्याकडं रिपोर्ट गेला, की डॉक्टर त्यावर गोळी लिहितात. तुमचा रिपोर्ट गेला की काय होतं?"

ते तिकडचे लोक बघतात, असं काहीतरी बोललो. तिनं मान हलवली आणि बशा उचलून आत गेली. आठ दिवसांनी वहिनीचा फोन आला, की त्यांना काम पक्कं वाटत नाही. ती स्वतः काय म्हणाली हे मी विचारलं नाही. पण मला तिचा प्रश्न आवडला होता. माझ्या कामाबद्दल तेवढा नीट प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला नव्हता.

तिसऱ्या वर्षी टीमच्या ऑफिसात नवा मुख्य मॅनेजर आला. आल्या आल्या त्यानं अकरा नंबरशी लांब मुदतीचा करार केला. अकरा नंबर भरपूर बास्केट करायचा, लोकांचा लाडका होता. पण उडी मारून खाली येताना तो डाव्या पायावर भार देत नाही, हे मला दिसत होतं. दिवाळीपासून दिसत होतं. मी चौकटीत लिहिलं तर सत्तावन्नचं उत्तर, मी त्याही आधीपासून बघतेय किंवा बघतोय. इंग्रजीत ते एकच वाक्य होतं. गुडघ्याला बटण नव्हतं. मग त्या मॅनेजरनं पुढच्या कित्येक वर्षांचे नवे खेळाडू निवडायचे हक्क दुसऱ्या टीमला देऊन टाकले आणि त्या बदल्यात एक नावाजलेला खेळाडू घेतला, ज्याचे चांगले दिवस होऊन गेले होते. तिकडचे लोक इंटरनेटवर मॅनेजरला शिव्या देत होते, मी त्या फोनवर वाचायचो. हे सगळं कुणाशी बोलावं असं वाटायचं. एकदा सलूनमध्ये खुर्चीवर बसून सांगायला लागलो. न्हाव्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दाढी बी करायची का?"

फेब्रुवारीतली एक सकाळ होती. त्या आठवड्यात शेतातल्या मोटरला दिवसाची लाईट होती म्हणून कांद्याला पाणी देऊन आलो, हातपाय धुतले आणि बसलो. व्हिडिओ लावला. यादीत सात नंबर होता आणि त्याखाली थेट अकरा. मधला आठ नव्हता. मला वाटलं मशिन बिघडलं. बंद करून पुन्हा चालू केलं. तीच यादी. सामना सुरू होण्याआधीही एक रिकामी चौकट असायची, तिच्यात सत्तावन्नने लिहून ठेवलं होतं, की यादीत चूक नाही, बातमी बघ.

बातमी छोटी होती. आठ नंबर दुसऱ्या शहराच्या टीमला देऊन लांबून बास्केट करणारा एक तरुण खेळाडू घेतला होता. मॅनेजरचं म्हणणं असं होतं, की लोकांचा जीव असतो एखाद्या खेळाडूवर, पण आम्ही आकडे बघून निर्णय घेतो, आणि आकडे स्पष्ट होते.

आकडे स्पष्ट होते. ते मी दिले होते. म्हणजे मी आणि सत्तावन्नने. प्रत्येक सामन्यात त्याच्या रकान्यातलं ते दोन आणि तीन माझ्या बोटानं गेलेलं होतं. जुन्नरच्या त्या घरात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला त्या सकाळी मिळालं. त्या दिवसाचं काम मी संध्याकाळपर्यंत ओढत नेलं. यादीत बटण नसलं तरी हात सवयीनं त्या जागी जायचा आणि सात नाहीतर अकरा दाबला जायचा. त्या सामन्यात माझ्या नोंदीत जेवढ्या लाल खुणा आल्या, तेवढ्या पूर्वी कधी आल्या नव्हत्या. सत्तावन्नने एकीवरही वाद घातला नाही, सगळ्या निमूट दुरुस्त केल्या.

दोनतीन दिवसांनी मी लिहिलं, आपण त्यांना कळवायला पाहिजे. सत्तावन्नने विचारलं, कुणाला? मी लिहिलं, पुण्यातल्या सुपरवायझरला, तो पुढं पाठवेल. आम्ही एक जुना, काम पूर्ण झालेला सामना निवडला आणि त्याच्या चौकटीत लिहायला लागलो, म्हणजे रोजच्या कामात अडथळा नको. तीन रविवार गेले त्यात. कोणत्या मिनिटाला आठ नंबर कुठं उभा होता, त्यामुळं कोण मोकळा झाला, पुढच्या दोन पासनंतर काय झालं, एकतीस नंबरनं किती वेळा त्याच्याकडं बघून जागा बदलली. मी लिहायचो, सत्तावन्न माझं इंग्रजी सरळ करायचं आणि माझ्या नजरेतून सुटलेल्या जागा भरायचं. त्या रविवारी मी घरात एकटा आहे असं मला वाटलं नाही. दुपारी भाकरी टाकताना मी मोठ्यानं बोलायचो, आता दुसऱ्या भागातलं ते घे, नवव्या मिनिटाचं. शेवटी आम्ही लिहिलं होतं, की जे झालं ते झालं, पण यापुढं या कामांसाठी बटण ठेवावं.

पाठवल्यावर चार दिवसांनी सुपरवायझरचा फोन आला. माझ्यापेक्षा बराच लहान मुलगा, बोलायला नम्र. म्हणाला, "सर, तुमचं म्हणणं बरोबरही असेल. पण क्लायंटनं जेवढं मागितलंय तेवढंच आपण द्यायचं." मी म्हटलं, निदान पुढं पाठवा. तो म्हणाला, "आणि तुम्ही दोघं एकमेकांशी असं बोलता, हे मला आजच कळलं असं मी धरतो."

पुढच्या आठवड्यात लाल खुणेखाली उत्तर आलं ते ब्याऐंशी नंबरकडून. सत्तावन्न कुठल्या दुसऱ्या टीमला, की दुसऱ्या खेळाला, की कामावरूनच गेलं, हे मला सांगितलं नाही, आणि विचारायची सोय नव्हती. ब्याऐंशी नंबर कशावरच वाद घालायचा नाही. मी काहीही लिहिलं की खाली एक शब्द यायचा, मान्य. मुद्दाम एकदा चुकीची नोंद केली. मान्य. मी ती स्वतःच दुरुस्त केली.

सत्तावन्नचं शेवटचं लिखाण मी शोधून काढलं. एका धक्क्याबद्दल होतं. मला हा धक्का वाटत नाही, पण तुझं राहू दे. त्याच्याखाली मी काहीतरी लिहायला गेलो तर जुन्या सामन्यांच्या चौकटी आता बंद केल्या होत्या.

टीमचं पुढं व्हायचं तेच झालं. एकतीस नंबर बचावाला उभा राहताना बाजूला बघायचा आणि तिथं कुणी नसायचं. मग दोघं एकाच जागी धावायचे आणि दुसरीकडचा मोकळा राहायचा. त्याच्या चुकांचं बटण मात्र होतं. त्याच्या नावावर मी रोज चुका टाकत होतो. अकरा नंबरचा गुडघा पुढच्या हंगामाच्या सुरुवातीलाच गेला. मैदानावर पडला तेव्हा व्हिडिओला आवाज होता, आणि हजारो लोक एकदम गप्प झालेले मला खिडकीपाशी बसून ऐकू आले. बाहेर शेजाऱ्याचा ट्रॅक्टर चालू होता.

एकदा आठ नंबरची नवी टीम आमच्याशी खेळायला आली. विरुद्ध टीमची नोंद दुसरे लोक करायचे, त्यामुळं त्याच्यासाठी माझ्याकडं काहीच दाबायचं नव्हतं. मी नुसतं बघितलं. तो फार वेळ खेळला नाही. जेवढा खेळला तेवढा तसाच उभा राहिला, फक्त आता आमच्या पोरांच्या वाटेत. सामना संपल्यावर एकतीस नंबर त्याच्याकडं चालत गेला आणि वाकून त्यानं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. आठ नंबरनं त्याच्या पाठीवर दोनदा थोपटलं. पुढं व्हिडिओ संपला. मी तो मागं घेऊन पुन्हा बघितला. चौकटीत लिहावं असं वाटलं, पण वाचणारा ब्याऐंशी होता.

हंगाम संपायच्या आत मॅनेजरला काढलं. नवा माणूस आला. त्यानं पहिलं काम केलं ते आमचं बंद करण्याचं. मैदानाच्या छताला कॅमेरे बसवले. आता प्रत्येक खेळाडूची प्रत्येक हालचाल मशिनच टिपतं, कोण कुठं उभा राहिला, त्यामुळं कोण किती मोकळा झाला, सगळं. म्हणजे आम्ही तीन रविवार खपून जे मागितलं होतं, ते आता मोजलं जाणार होतं. कंपनीचा मेल आला, त्यात आभार होते, आणि महिनाअखेर मशिन पुण्याला परत पाठवा असं लिहिलं होतं. मला राग यायला पाहिजे होता. पण मनात एकच आलं, हे सत्तावन्नला कळलं असेल का?

भाऊ म्हणाला, भोसरीला ये, एका वर्कशॉपमध्ये लावतो. मी गेलो नाही. शेजाऱ्याकडून शेत परत घेतलं. टेबल खिडकीपाशीच ठेवलं, त्यावर आता औषधाचे पंप आणि बियाण्याच्या पिशव्या असतात. पहिले काही महिने दहा वाजले की मी शेतातून घराकडं यायला निघायचो. निम्म्या वाटेत लक्षात यायचं. तिथनं परत फिरायचो नाही. घरी येऊन चहा करायचो आणि मग जायचो.

मागच्या वर्षी कांद्याच्या बियाण्यासाठी ओतूरला गेलो होतो. काम झालं, स्टँडवर नारायणगावच्या गाडीची वाट बघत बसलो. फोन काढला तर आठ नंबरनं खेळ सोडल्याची बातमी होती. चार ओळींची. खाली त्याचे आयुष्यभराचे आकडे दिले होते. मी ते वाचले. त्यातल्या तीन वर्षांचे माझे होते.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. डोक्याला टोपी, पायाशी भरलेली पिशवी. त्यांनी विचारलं, "कुनाची वाईट बातमी हाय का?" माझा चेहरा तसा दिसत असावा. मी म्हटलं, वाईट नाही. आणि मग का कोण जाणे, सांगायला लागलो. टीम, बटणं, वाटेत उभं राहणं, सत्तावन्न, यादी, मॅनेजर, सगळं. त्यांनी मध्ये कुठं तोडलं नाही. एकदाच विचारलं, "मंजे आडवा उभा ऱ्हायचा त्यो?" मी म्हटलं, होय. त्यांनी मान डोलावली, कळल्यासारखी.

सांगून झाल्यावर ते म्हणाले, "त्येला फुडं दुसरीकडं काम व्हतं ना पर?"

"होतं. दोन वर्षं खेळला. आता थांबला."

"घरदार?"

"आहे. दोन मुली आहेत. फोटोत दिसतात."

"मंग बरं झालं की त्येचं." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "आन तुमी? घरी कोन असतं?"

मी म्हटलं, कुणी नाही, एकटाच असतो. त्यांनी पिशवी थोडी पलीकडं ओढली आणि सरकून बसले, जसं काही मला जागा कमी पडत होती. मीही सरकलो. आम्ही तसेच बसलो. त्यांची जुन्नरची गाडी लागली तेव्हा मी पिशवी उचलून दारापर्यंत दिली. वर चढल्यावर त्यांनी खिडकीतून बघितलं नाही, जागा मिळवायच्या गडबडीत असतील.

माझी गाडी यायला अजून पाऊण तास होता.